पान संपलं का?

...नाही, पण मी म्हणते, एक पान म्हणजे काय हो? तुम्हीच सांगा. कागदाचं एक पान, फुंकर मारली तर उडेल एवढं, ते मी डायरीत जास्तीचं घातलं, तर त्यात असं काय आभाळ कोसळलं? कोसळलं. तेच तर सांगतेय. कोसळलं, आणि माझ्या डोक्यावर न पडता एका भल्या माणसाच्या डोक्यावर पडलं, म्हणून तर घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली. माझ्यावर पडलं असतं तर मी पदर झटकून कामाला लागले असते, मला सवय आहे.

थांबा, नीट सांगते. मी एका दातांच्या दवाखान्यात बसते. बसते म्हणजे बाहेरच्या टेबलाशी. फोन घ्यायचा, नाव लिहायचं, आलेल्याला बसवायचं, "काही दुखत नाही हो, मुंगी चावल्यासारखं" असं धडधडीत खोटं सांगायचं आणि आत पाठवायचं. आत डॉक्टर. डॉक्टर म्हणजे काय सांगू तुम्हाला, देवमाणूस! हात इतका हलका, इतका हलका, की दाढ काढून झाल्यावर पेशंट विचारतो, "सुरू कधी करताय?" पण देवमाणसालाही एखादी खोड असतेच, तशी यांना आहे. यांना घड्याळ चालत नाही. मनगटावर नको, का, तर हात सारखे धुवायचे. भिंतीवर नको, का, तर खुर्चीत आडवा झालेला माणूस तेवढंच बघत बसतो आणि दर अर्ध्या मिनिटाला "आँ आँ आँ?" करतो, म्हणजे 'झालं का?' शेवटी वैतागून काढूनच टाकलं घड्याळ. आतल्या खोलीला खिडकी आहे, पण दुधी काचेची, त्यावर पडदा. मग दिवस संपला हे त्या माणसाला कळायचं कसं?

तर माझ्या डायरीवरून.

डायरी म्हणजे ती स्पायरलची, जाड पुठ्ठ्याची, तारखा न छापलेली. तारीख मी वर पेनने घालते. एका दिवसाला एक पान, पानावर सोळा ओळी, ओळीला एक पेशंट. आणि डॉक्टरांचा नियम काय, तर पान संपलं की दिवस संपला. एक पेशंट बाहेर पडला की दार किलकिलं करून विचारणार, "ताई, पान संपलं का?" मी म्हणणार, "अजून आहे थोडं." की परत आत. शेवटचं नाव खोडलं की मी म्हणणार, "संपलं, डॉक्टर," की कोट खुंटीला. बाहेर अजून छान उजेड असायचा. समोरच्या बागेत बाकावर वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, वाट बघत बसलेल्या असायच्या. मग दोघं बागेला फेऱ्या मारणार, काहीतरी बारीकसं भांडणार आणि घरी जाणार. वर्षानुवर्षं हे असंच. दृष्ट लागावी असं. लागली ना! माझीच लागली.

आता माझी खोड ऐका. मला 'नाही' म्हणता येत नाही. तोंडातून शब्दच फुटत नाही तो. दारावर कोणी काही विकायला आलं की मी घेते. आमच्या घरात तीन शिड्या आहेत, ॲल्युमिनियमच्या, घडीच्या, आणि आम्ही तळमजल्यावर राहतो. नवरा म्हणतो, "एकदा तरी म्हण, नाही म्हण, माझ्यासाठी म्हण," मी म्हणते, "बरं." आता असल्या बाईला फोनवर बसवणं ही खरं तर डॉक्टरांची चूक... नाही, नाही, मागे घेते. चूक माझी. सगळी माझी. मी काही दुसऱ्यावर ढकलणार नाही.

पण इतकी वर्षं निभावलं, कारण पान होतं. पान भरलं की मी म्हणायचे, "पान भरलंय हो, काय करणार." म्हणजे नाही कोण म्हणालं? पान म्हणालं. मी आपली हळहळायला मोकळी.

आणि मग ते आजोबा आले. दुपारची वेळ, पान गच्च भरलेलं, आणि हे आपले हातात रुमाल, रुमालात कवळी, कवळीचे दोन तुकडे. आणि बिनदातांचे मला सांगतायत, "उद्या भाफण आहे हो माझं." म्हटलं, "कसलं?" तर म्हणाले, "मित्राच्या पंच्याहत्तरीला. चाळीफ वर्फं बोललो नाही मी त्याच्याफी. उद्या फगळ्यांफमोर माफ करणार होतो त्याला. आता अफा तोंडाने काय माफ करू? लोक हफतील, आणि तो फगळ्यांत जाफ्त हफेल." आता मला सांगा, याला काय म्हणायचं? पान भरलंय? परवा या आणि परवा माफ करा?

मी डायरी उघडली. सोळाच्या सोळा ओळी भरलेल्या. समासात लिहावं तर ते डोळ्यांवर येणार. आणि माझं लक्ष गेलं शेवटी, त्या 'नोंदी' म्हणून कोऱ्या पानांकडे, जी आजवर जगात कुणीही वापरलेली नाहीत. त्यातलं एक पान मी हलकेच सोडवलं. आता स्पायरलमधून काढलेलं पान परत स्पायरलमध्ये बसत नाही, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. पण टाचणीला टोक आणि गरजेला डोकं असतं की काय कोण जाणे, मला सुचलं. कात्री घेतली, प्रत्येक भोकापासून कडेपर्यंत बारीकशी चीर दिली, आणि पान आजच्या पानाच्या मागे धरून एकेका वेटोळ्यावर दाबलं. टच्, टच्, टच्. बसलं! कारखान्यातूनच तसं आल्यासारखं बसलं! आणि त्यावर पहिल्या ओळीत आजोबांचं नाव लिहिलं.

थोड्या वेळाने दार किलकिलं. "पान संपलं का?" म्हटलं, "संपत आलंय." आता यात खोटं काय होतं? संपत आलंच होतं. कुठलं ते त्यांनी विचारलं नाही. एक पान वाढवलं, दुसरं काय केलं मी?

आजोबा दुसऱ्या दिवशी भाषण करून आले माझ्याकडे, खास सांगायला. म्हणाले, "माफ केलं. तो रडला." आणि मग जोडलेल्या कवळीने असे हसले, असे हसले, की मला वाटलं, बाई, तुझ्या हातून काहीतरी पुण्य घडलं. इथेच माती खाल्ली मी.

कारण त्या पानावर ओळी किती? सोळा. आजोबांनी अडवली एक. उरलेल्या पंधरा अशा टक लावून बघतायत माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तसंच एक पान घातलं, आपलं असावं म्हणून. तेवढ्यात बसचालक आला, गाल हा एवढा सुजलेला, म्हणाला, "उजवीकडचा आरसाच दिसत नाही, गालच दिसतो." घेतला. मग एक बाई फोनवर नुसत्याच रडल्या. नाव नाही, गाव नाही, दात कुठला ते नाही, नुसतं रडणं. घेतल्या. मग एक 'दोन मिनिटांचं काम'वाले गृहस्थ. "फक्त दोन मिनिटं हो, नुसतं बघायचंय." जन्मात कधी दोन मिनिटांत दात बघून झालाय? घेतले. मग माझ्या चुलत सासूबाई. त्यांना मी, मेलीने, कौतुकाने सांगितलं की मी आता कुणालाही बसवू शकते. त्यांनी त्यांची अख्खी इमारत आणली. खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत, क्रमाने. वर मला म्हणतात कशा, "अगं, लिफ्ट बंद होती, नाहीतर अजून आले असते."

नोंदींची पानं संपली. मग मी स्टेशनरीवाल्याकडून तश्शीच दुसरी डायरी आणली, नुसती पानं काढायला. तो म्हणाला, "ताई, यंदा वर्ष मोठं आहे का?" मी हसले. मग तिसरी आणली. आमची डायरी अशी फुगली की पुठ्ठा मिटेना, स्पायरलचे वेढे ताणून ताणून अंडाकृती झाले, मी वरून रबर लावलं. आणि एक दिवस डॉक्टरांनी ती उचलून बघितली. तर म्हणतात, "यंदा कागद जाड दिलाय, नाही?" म्हटलं, "हो."

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला दिसत नव्हतं का, की पेशंट दुप्पट झालेत? अहो, दंतवैद्याला माणसं कुठे दिसतात? त्यांना तोंडं दिसतात, आणि उघडी तोंडं सगळी सारखीच. पैशाचं म्हणाल, तर ते ते बघतच नाहीत. जमा होईल ते मी बँकेत भरते आणि हिशेबनीस वर्षातून एकदा उगवतो. त्यांचा विश्वास कशावर? पानावर. आणि माझ्यावर.

मग त्यांना दिसलं काय? त्यांना एवढंच दिसलं, की पूर्वी पान संपवून बाहेर पडलं की उजेड असायचा आणि आता अंधार असतो. पान तेच, एकच. मग उशीर कशाने होतोय? सरळ आहे, माणूस मंदावलाय!

अहो, मला हे आधी कळलंच नाही. मला वाटलं, दमत असतील, असू दे, लोकांची सोय होतेय. पण एक दिवस बघते तर हातात रबरी चेंडू. एक पेशंट गेला की दाबतायत, दुसरा येईपर्यंत दाबतायत. म्हटलं, हे काय? म्हणाले, "बोटांना व्यायाम." मग नवीन चष्मा आला. मग खुर्चीवर नवा दिवा आला, असा प्रखर की पेशंट गॉगल मागायला लागले. मग कसल्या कसल्या गोळ्या. आणि मग एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलासमोर आले, दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाले, "ताई, खरं सांगा. थरथरतात का हो?"

मी त्या हातांकडे बघितलं. ते हात दगडासारखे स्थिर होते, हो. मी रबर लावलेली डायरी टेबलाखाली सरकवली. तेव्हाच सांगायला हवं होतं! मी म्हटलं, "छे, कुठे काय." ते म्हणाले, "तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं म्हणता." ऐकलंत? चांगल्या! त्या एका शब्दाने रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. एक पान हो. एक पानच तर वाढवलं होतं.

बरं, मग बंद कर ना बये, उद्यापासून घालू नकोस पान! हेच म्हणताय ना? मीही म्हटलं. पण पुढच्या सगळ्या दिवसांची दुसरी पानं आधीच भरून ठेवलेली होती. ती माणसं कुठे टाकू? त्यांना फोन करून काय सांगू? नाही? मला?

आणि समोर बागेत वहिनी. माझ्या टेबलावरून सरळ दिसतात त्या. पूर्वी यायच्या, थोडा वेळ बसायच्या, की डॉक्टर बाहेर. आता येतात, बसतात, पुस्तक वाचतात, मग वाचण्याएवढा उजेड उरत नाही म्हणून पुस्तक मिटतात, मग बागेतला माळी फाटक लावायला येतो, तो काहीतरी विचारतो, त्या मान हलवतात आणि एकट्याच उठून जातात. रोज. मी फोनवर कुणाला तरी सांगत असते, "या की, आहे जागा," आणि समोर हे बघत असते.

मग आले ते दोघं. नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर, नवेकोरे. हातात मोजमापाची टेप. भिंतीला लावतायत, खिडकीला लावतायत, माझ्या टेबलालाही लावली. ती मुलगी नवऱ्याला हळूच म्हणाली, "इथे आपण माशांची पेटी ठेवू." इथे म्हणजे कुठे? इथे मी बसते! ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. दवाखाना देतोय मी यांना. परवा सह्या आहेत. काम जमेनासं झालं की माणसाने थांबावं. एका दिवसाचं पान मला उजेडात संपवता येत नाही आता. उद्या कुणाच्या जिभेला ड्रिल लागलं तर?" आणि म्हणाले, "तुमचं मी त्यांना सांगितलंय, ठेवून घ्या म्हणून. म्हटलं, अशी विश्वासू बाई मिळायची नाही."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? गप्प बसले तर एका धडधाकट माणसाचा दवाखाना जातो. बोलले तर विश्वासू बाई जाते. घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, म्हणाला, "यात विचार काय करायचाय?" आणि परत जेवायला लागला. त्याला नाही हो कळत. काय करायचं हे मलाही माहीत होतं, तोंड कसं उघडायचं ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना "तोंड उघडा" म्हणतेय मी!

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेला. मी ती फुगलेली डायरी छातीशी धरून आत गेले. डॉक्टर स्वतःच पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले होते, डोळे मिटून, चेंडू पोटावर. पावलांची चाहूल लागली तसं डोळे न उघडताच म्हणाले, "पान संपलं का?"

मी त्यांच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "डॉक्टर, पान केव्हाच संपलंय."

"केव्हा?"

"मार्चमध्ये."

त्यांनी डोळे उघडले. आणि मग मी जे सुरू झाले! आजोबा सांगितले, भाषण सांगितलं, बसचालकाचा गाल सांगितला, चुलत सासूबाई आणि त्यांची लिफ्ट सांगितली, रबर काढून डायरी उघडली आणि त्या चिरा दाखवल्या, एकेक पान ओढून दाखवलं, टच् टच् करत निघत होती पानं, मी काढतेय आणि त्यांच्या मांडीवर ठेवतेय, काढतेय आणि ठेवतेय, आणि बोलतेय आणि रडतेय. सगळं सांगून झालं. डॉक्टरांच्या मांडीवर पानांचा ढीग. आणि वर तो नवा दिवा, त्यामुळे माझं तोंड लपवायलाही जागा नाही.

मग त्यांनी एक आजचं पान उचललं, त्याचं जास्तीचं उचललं, बोटाने नावं मोजली. परत मोजली. म्हणाले, "हे सगळे आज होते?" म्हटलं, "हो." "आणि सगळे झाले?" म्हटलं, "झाले की." "म्हणजे मी," आणि इथे ते उठून बसले, "म्हणजे मी पूर्वीपेक्षा जास्त काम करतोय?" म्हटलं, "जवळजवळ दुप्पट." तर हा माणूस हसायला लागला हो! चेंडू उचलला आणि कोपऱ्यातल्या बादलीत फेकला. बरोब्बर आत. "बघा," म्हणाले, "नेम बघा!" मीही हसायला लागले, म्हटलं, सुटले बाई.

आणि ते हसता हसता थांबले. हातातल्या पानांकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, तीन महिने मी पांघरुणाखाली हात धरून बघत होतो. बायकोला कळू नये म्हणून. तुम्ही मला खरं सांगायला घाबरलात, की लोकांना 'नाही' म्हणायला?" मी त्यांच्या मांडीवरची पानं गोळा करायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडलेच नाहीत.

सह्या रद्द झाल्या. झालं ना सगळं छान? कसलं छान! ते नवेकोरे नवरा-बायको आले होते, माशांची पेटी घेऊन ठेवली होती म्हणे त्यांनी. ती मुलगी माझ्या टेबलाकडे अशी बघत गेली. आणि वहिनी! मला वाटलं, त्या तरी मला जवळ घेतील, नवरा धडधाकट निघाला म्हणून. त्या आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "तुला हे सह्या झाल्यावर सांगता आलं नसतं का गं?" लग्नानंतर पहिल्यांदा दोघं समुद्र बघायला जाणार होते. बॅग भरलेली होती. ती आता परत माळ्यावर गेली. म्हणजे गप्प होते तेव्हा डॉक्टरांची अपराधी, बोलले तर वहिनींची. मी नेमकं कधी तोंड उघडावं, याचं काही शिक्षण मिळतं का हो कुठे?

डॉक्टरांनी मला काढलं नाही. त्यांनी डायरी बदलली. आता शिवलेल्या बांधणीची आणलीय, जाडजूड, हिच्यात घुसवायचं म्हटलं तर टाचणीसुद्धा जायची नाही. आणि म्हणाले, "ताई, राग नाही माझा. पण कुणाला तरी एकदा 'नाही' म्हणून दाखवा. मग मी परत न बघता विश्वास ठेवीन." मी म्हटलं, "बरं." काय म्हणणार दुसरं?

तेव्हापासून मी प्रयत्न करतेय. फोन येतो, मी छाती भरून श्वास घेते, तोंड उघडते आणि म्हणते, "पुढच्या महिन्यात चालेल का?" ते काही 'नाही' नव्हे. पानं भरत भरत पार पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत गेलीत. आणि मी मघापासून गालाला हात लावून का बसलेय, असं वाटत असेल ना तुम्हाला? दाढ दुखतेय. माझी. डाव्या बाजूची, खालची. चार दिवस झाले, ठणका असा की कानापर्यंत जातो. काल कुणीतरी नाव रद्द केलं आणि आजच्या पानावर चक्क एक ओळ रिकामी झाली. मी पेन घेतलं, माझं नाव लिहायला वाकले, आणि फोन वाजला. एक माणूस, म्हणाला, "ताई, दोनच मिनिटांचं काम आहे."

आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाला स्पष्ट, तोंडावर, 'नाही' म्हटलं.

मला.